जागलीला बघायचं काय? आखाड्यावर बघितलेले भुताचे सिनेमे आणि हसवणारे कार्यक्रम

रब्बीत आमच्या मोटारीला एक आठवडा दिवसा लाईट असते आणि एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा आला की मी जेवून साडेदहाला घरून निघतो, आखाड्यावर, म्हणजे वावरातल्या मुक्कामाच्या जागी, येतो, बाजेवर गोधडी टाकतो आणि लाईटची वाट बघत बसतो. लाईट आली की मोटार चालू करायची, हरभऱ्यात सगळे तुषार नीट फिरायलेत का ते बघून यायचं, आणि मग तीन तास बसायचं. तीन तासांनी पाइप सोडून पुढच्या पट्ट्यात जोडायचे. मध्ये डोळा लागला तर एकाच जागी पाणी साचतं आणि हरभरा पिवळा पडतो. त्यात डुकरं येतात ती वेगळीच. म्हणजे जागं राहणं भाग आहे. तीन तासांत एक सिनेमा आरामात बसतो, किंवा हसवणाऱ्या कार्यक्रमाचे तीन-चार भाग.

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं आमचं वावर गावापासून दीड किलोमीटरवर आहे. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला हळद, मध्ये हरभरा. २०१८ पासून मी या बाजेवर, पाण्याच्या तांब्याला मोबाईल टेकवून, भुताचे सिनेमे आणि विनोदी मालिका बघत आलोय. कानात वायर कधी घालत नाही. जागलीला कान मोकळे पाहिजेत, मोटारीचा आवाज बदलला तर कळला पाहिजे. त्यामुळे मी जे काही बघतो ते रानातल्या आवाजांसोबत ऐकतो, आणि माझी मतं तिथून आली आहेत.

भुताच्या सिनेमाची माझी परीक्षा सोपी आहे. सिनेमा संपल्यावर पाइप बदलायला एकट्यानं उठावं लागतं. तेव्हा पाय जड झाला तर सिनेमा खरा. हसवणाऱ्या कार्यक्रमाची परीक्षा त्याहून अवघड. रात्री अडीच वाजता, बोटं गारठलेली असताना हसू आलं पाहिजे, आणि तोच भाग सकाळी आईसमोर लावायला लाज वाटली नाही पाहिजे.

या परीक्षेत पहिला नंबर ‘लपाछपी’चा. विशाल फुरिया यांचा २०१७ चा मराठी सिनेमा. पूजा सावंतनं पोटुशी बाई केलीय. नवरा पैशाच्या लफड्यात अडकलेला, म्हणून दोघं शहर सोडून लपायला येतात, ते उसाच्या मधोमध असलेल्या एका घरात. घराभोवती चारी बाजूंनी ऊस. बाकी काही नाही.

हा सिनेमा मी पहिल्यांदा घरीच लावला होता. बायकोला तेव्हा सातवा महिना होता. मला काही माहीत नव्हतं, नाव वाचून लावला. अर्ध्यात आल्यावर ती म्हणाली, ‘आवो, बंद करा ते. पोटातलं लेकरू ऐकायलंय.’ मी बंद केला. उरलेला अर्धा महिनाभरानं आखाड्यावर बघितला, आणि त्या रात्री पाइप बदलायला अर्धा तास उशिरा उठलो.

उसाचा आवाज ज्यानं रात्री ऐकलाय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. वारं पडलेलं असलं तरी ऊस गप्प बसत नाही. वाळलेलं पाचट एकमेकाला घासतं, आतून उंदीर पळतात, कुठं तरी कोल्हा चालतो, आणि ते सगळं माणूस चालल्यासारखं ऐकू येतं. मोठा झालेला ऊस दोन हातांच्या पुढचं काही दिसू देत नाही. आत गेलेलं लेकरू हाक मारल्याशिवाय सापडत नाही. हे ज्याला माहीत आहे त्यानंच हा सिनेमा काढलाय. सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे यातली बरीच भीती दिवसाउजेडी आहे. लख्ख ऊन, हिरवागार ऊस, आणि त्यातून लेकरांचा खेळायचा आवाज. अंधार करून दार वाजवणं कुणालाही जमतं. उन्हात भ्या वाटायला लावायचं म्हणजे कसब पाहिजे.

उषा नाईक यांनी तुळसाबाई केलीय. त्या बाईचं बोलणं, ताट वाढणं, पोटाकडं बघणं, सगळं आपल्या घरातल्या एखाद्या मोठ्या बाईसारखं. माया आहे आणि मायेच्या आत काही तरी आहे. मला त्या लेकरांच्या आवाजापेक्षा या बाईची जास्त भीती वाटली. अशा बाया मी लग्नाकार्यात बघितल्यात. सुनेच्या पोटावर हात ठेवून ‘पोरगाच हाय’ म्हणणाऱ्या.

आणि इथं हा सिनेमा नुसता भुताचा राहत नाही. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी मी शेवट सांगत नाही, पण त्या उसात खेळणारी लेकरं कोण आहेत ते कळतं तेव्हा आमच्या भागातल्या माणसाला मान खाली घालावी लागते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार पोरांमागं ८०७ पोरी होत्या, राज्यात सगळ्यात कमी. बीड आमच्यापासून काही लांब नाही. तिथले ऊसतोड कामगार दिवाळी झाली की बैलगाड्या, टेम्पो भरून कारखान्यांकडं निघतात, आमच्या रस्त्यानंही जातात. ऊस आणि न जन्मलेल्या पोरी या दोन गोष्टी एका जागी आणायचं दिग्दर्शकाला सुचलं, यासाठी मी त्यांना हात जोडतो. माझी पोरगी आता दुसरीत आहे. तिला उसाच्या कडेनं पळताना बघितलं की मला तो सिनेमा आठवतो.

खोट एकच काढतो. शेवटच्या भागात सगळं समजावून सांगितलंय. मागचं दाखवलंय, परत दाखवलंय. तेवढं नसतं तरी आम्हाला कळलं असतं. याच दिग्दर्शकांनी २०२१ मध्ये हाच सिनेमा हिंदीत ‘छोरी’ नावानं केला. देखणा आहे, नुसरत भरुचानं मन लावून काम केलंय, पण मला तुळसाबाईचं मराठी पाहिजे होतं. ‘खा गं बाई’ असं ती ज्या सुरात म्हणू शकते तो सूर हिंदीत येत नाही.

दुसरा ‘तुंबाड’. हा मी मोबाईलवर बघितला नाही आणि कुणी बघूही नये. २०१८ ला आला तेव्हा हुकला होता. १३ सप्टेंबर २०२४ ला परत थेटरात लागला, तेव्हा चुलतभावासोबत नांदेडला जाऊन बघितला. त्याच्या दहा-बारा दिवस आधी, १ आणि २ सप्टेंबरला, हिंगोली, परभणी, नांदेडात ढगफुटीसारखा पाऊस पडला होता. आमच्या सोयाबीनच्या शेंगा पाण्यात बुडाल्या होत्या, ओढ्याकडची माती वाहून गेली होती. घरात बसवत नव्हतं म्हणून भाऊ म्हणाला, ‘चल, कुटं तरी जाऊन येऊ.’ आणि जाऊन बघितलं काय, तर सिनेमाभर पाऊस. पहिल्या चित्रापासून पाऊस, थांबतच नाही.

राही अनिल बर्वे यांनी हा सिनेमा खऱ्या पावसात, कैक पावसाळे थांबून थांबून काढला. ते पडद्यावर दिसतं. आम्ही पावसाची वाट बघणारी माणसं. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, ते दिवस आम्ही बघितलेत. त्या माणसाला न थांबणारा पाऊस दाखवला की आधी बरं वाटतं. पण २०२४ च्या त्या पंधरवड्यात मला तो पाऊस बघून पोटात गोळा आला. ओल्या भिंती, चिखल, छपरातून गळणारं पाणी, सगळं माझ्याच घरातलं वाटलं.

सिनेमातला हस्तर हा देवीचा पोरगा. सोनं त्याला मिळालं, धान्य त्याला मिळू दिलं नाही. तो युगानुयुगं उपाशी आहे. सोन्याची मुद्रा पाहिजे असणारा माणूस खाली उतरतो तो कणकेची बाहुली घेऊन. म्हणजे भुताला पीठ पाहिजे आणि माणसाला सोनं. ही गोष्ट शेतकऱ्याला लगेच कळते. आमच्या बापानं आयुष्यभर सांगितलं की कणगीत ज्वारी असली की माणूस राजा. सिनेमातला विनायकराव, सोहम शाहनं केलेला, त्याच्याकडं सगळं येतं आणि कणगी काही भरत नाही. त्याचा पोरगा बापाच्या पुढं जाऊन हाव करतो, तो प्रसंग मला सगळ्यात भयाण वाटला. त्यात भूत फार लांब आहे, बाप आणि पोरगाच जवळ आहेत.

नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, कल्पना नारायण धारपांच्या कथेवरून, सगळी माणसं मराठी, वाडे मराठी, आणि सिनेमा हिंदीत. धारपांची पुस्तकं मी कॉलेजात असताना रात्र रात्र वाचली आहेत. त्यांची भीती मराठीत घडते, घरातल्या साध्या वाक्यात घडते. हा सिनेमा मराठीत झाला असता तर अजून आत उतरला असता, असं मला मनापासून वाटतं.

आता माझी तक्रार. मराठी भूत म्हटलं की ते कोकणातच का राहतं? ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ ला झी मराठीवर लागली तेव्हा आमच्या घरात साडेदहानंतर कुणी बाहेर अंगणात जात नव्हतं. २०१९ च्या दुसऱ्या भागात माधव अभ्यंकरांनी अण्णा नाईक असा काही उभा केला की आई आजही एखाद्या मग्रूर माणसाला बघून ‘अण्णा नाईकच हाय’ म्हणते. मालवणी बोलीचा ठसका, वाड्याची रचना, मान्य. पण मला ती मालिका भीतीची कमी आणि भाऊबंदकीची जास्त वाटली, आणि भाऊबंदकीसाठी आम्हाला कोकणात जायची गरज नाही. त्यातली नारळी-पोफळी, विहिरी, लाल माती बघायला छान. माझ्या बाजेवर बसून मात्र ती लांबची वाटते.

२०२४ मध्ये हिंदीत ‘मुंज्या’ आला, आदित्य सरपोतदारांचा. तोही कोकणात. त्यांचा मराठीतला ‘झोंबिवली’ मला आवडला होता, डोंबिवलीच्या पाणीटंचाईला त्यात जागा आहे. ‘मुंज्या’ पोरांसोबत घरी बघितला. पोरं हसली, थोडी घाबरली. आईनं पंधरा मिनिटांत तोंड फिरवलं. ‘आवं माय, मुंजा कुटं लेकरायला तरास देत असतो का? त्यो तर राखण करतो.’

आईचं बरोबर आहे. आमच्या धुऱ्यावर पिंपळाखाली मुंजा आहे. शेंदूर लावलेला एक दगड. पेरणीआधी त्याला नारळ फोडतो, पीक निघालं की निवद नेतो. जागलीला येताना मी रोज त्याच्याकडं बघून हात जोडतो. रात्री त्या पिंपळाखालून जाताना मला धीर येतो. त्याला पडद्यावर लग्नाच्या मागं लागलेलं केसाळ भूत केलेलं बघून मला वाईट वाटलं. कोकणातली गोष्ट तशी असेल, त्यांनी त्यांची सांगितली. आमची कुणी सांगितली नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आमच्याकडं चकवा आहे. माझ्या वडिलांना लागला होता. तुरीच्या वावरातून गावाकडं निघाले, रोजची वाट, आणि तीन तास चालून परत त्याच विहिरीवर आले. परत निघाले, परत विहीर. शेवटी विहिरीच्या काठावर बसून राहिले, कोंबडं आरवलं तेव्हा उठले आणि दहा मिनिटांत घरी आले. त्या रात्रीबद्दल ते फार बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, ‘वाट तीच व्हती रे. मीच कुणी दुसरा झाल्तो.’ या एका वाक्यावर सिनेमा होतो. एक माणूस, डोक्याएवढी तूर, एक विहीर, एक रात्र. पैसे लागत नाहीत, मेकअप लागत नाही. मराठवाड्यातल्या कुणी तरी पोरानं हा काढावा. शूटिंगला वावर मी देतो, जेवण मी देतो.

भीती आणि हसणं यांच्या मधे एक माणूस उभा आहे, त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही. दिलीप प्रभावळकर. १९९३ चा ‘झपाटलेला’ मी लहानपणी गावात गणपतीत भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर बघितला. महेश कोठारेंचा सिनेमा, लक्ष्मीकांत बेर्डे, आणि रामदास पाध्येंची ती बाहुली. तात्या विंचूचा जीव बाहुलीत जातो, आणि तो आवाज प्रभावळकरांचा. सगळं गाव हसत होतं आणि मी आईच्या पदरात होतो. ‘ओम फट् स्वाहा’ ऐकलं की अजून अंगावर काटा येतो. मोठेपणी कळलं की ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले आबा तेच. चिमणरावही तेच. ‘एक डाव भुताचा’मधलं भूतही तेच, आणि ते भूत तर इतकं गोड की घरी जेवायला बोलवावं. एकाच गळ्यातून तात्या विंचू आणि टिपरे आबा निघतात, याचा मी जागलीला किती तरी वेळा विचार केलाय. मला वाटतं ते माणसाला आधी नीट बघतात. त्याची चाल, त्याचं थांबणं, त्याचा श्वास. मग घाबरवायचं का हसवायचं ते नंतर ठरतं.

‘टिपरे’ २००१ मध्ये सुरू झाली, तेव्हा झी मराठीचं नाव अल्फा मराठी होतं. शहरातलं मध्यमवर्गीय घर, आमच्यापेक्षा अगदी वेगळं. तरी आम्हाला ती आपली वाटली, कारण कुणाचाही अपमान करून हसवलं नाही. भागाच्या शेवटी घरातलं एक एक जण डायरी लिहितं, ते मला फार आवडायचं. एकाच दिवसाच्या वेगवेगळ्या गोष्टी. परवा एक जुना भाग बाजेवर लावला. वीस वर्षं झाली, एक वाक्य शिळं झालेलं नाही.

आताच्यांत माझ्या मतानं सगळ्यात वर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. २०१८ पासून सोनी मराठीवर आहे. समीर चौघुले नुसते उभे राहिले तरी हसू येतं, नम्रता संभेराव बाई म्हणून बाईच उभी करते, नटवी बाहुली करत नाही. रात्री अडीचला मी या माणसांमुळं मोठ्यानं हसलोय आणि पलीकडच्या वावरातल्या काकानं ‘काय झालं रं?’ म्हणून आवाज दिलाय. दुसऱ्या रात्री काकाच येऊन बाजेवर बसले. आता रात्रीच्या आठवड्यात ते बिड्या आणतात, मी मोबाईल. त्यांना भुताचं चालत नाही. ते आले की हास्यजत्राच. एकच गोष्ट खटकते, परीक्षकांचं हसणं फार दाखवतात. विनोद चालू असताना कॅमेरा तिकडं गेला की इकडं नटाच्या तोंडावर काय झालं ते हुकतं.

‘चला हवा येऊ द्या’ २०१४ ला सुरू झालं. निलेश साबळे, भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे. पहिली काही वर्षं आम्ही सोमवार-मंगळवार सोडला नाही. पुढं पुढं पुरुषांनी साड्या नेसून तेच तेच करणं वाढलं आणि मी कमी केलं. पण त्यात सागर कारंडे पोस्टमन होऊन पत्र वाचायचे, ती पत्रं अरविंद जगताप लिहायचे. ते आमच्या मराठवाड्याचे. हसून हसून दमलेल्या माणसासमोर अचानक शेतकऱ्याचं, बापाचं, शिकायला बाहेर गेलेल्या पोराचं पत्र यायचं. माझ्या घरात त्या पाच मिनिटांत कुणी बोलत नव्हतं. एकदा वडिलांनी टीव्ही बंद करून टाकला आणि बाहेर जाऊन बसले. ते पत्र दुष्काळाबद्दल होतं.

एक गोष्ट मात्र सगळ्याच विनोदी कार्यक्रमांना सांगायची आहे. ‘करायलाव’, ‘जायलाव’, ‘काहून’ असं बोलणारा माणूस तुम्ही आणता तो कायम येडा असतो. नोकर, गडी, नाही तर शहरात हरवलेला. आमच्या बोलीत डॉक्टर बोलतात, वकील बोलतात, माझी एम. ए. झालेली बहीण बोलते. बोली ऐकून हसू यावं, मला मान्य आहे, तिच्यात गोडवाच तसा आहे. पण माणसाला हसू नका. मकरंद अनासपुरे हिरो म्हणून पडद्यावर याच बोलीत बोलले तेव्हा आमची छाती फुगली होती, कारण तो माणूस शहाणा होता आणि त्याला आपली भाषा लपवायची गरज वाटत नव्हती.

आणि याचा खरा धडा घालून दिलाय तो लक्ष्मण देशपांडे सरांनी. औरंगाबादला विद्यापीठात नाटक शिकवायचे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ त्यांनी एकट्यानं उभं केलं, बावन्न माणसं एका अंगात. आमच्या मामाकडं त्याची कॅसेट होती, फिरून फिरून टेप ताणला गेला होता. त्यात जो तो आपापल्या परीनं अडाणी आहे, हट्टी आहे, लोभी आहे, आणि एकाचाही अपमान नाही. सर त्या प्रत्येकाच्या घरी जेवून आल्यासारखे बोलतात. आता मोबाईलवर ते बघायला मिळतं. काकांना दाखवलं तेव्हा ते पुढचं वाक्य आधीच म्हणत होते.

कुणी विचारलंच तर माझा क्रम असा असतो. लाईट आली, मोटार चालू झाली की, मन ताजं असताना भुताचं. पाइप बदलून आलं, पाय ओले झाले, चुलीवर चहा ठेवला की हास्यजत्रा. पहाटे चारनंतर काहीच नाही, तेव्हा पाखरं उठतात, ती ऐकायची.

‘लपाछपी’ या वर्षी परत लावलेला नाही. बायको म्हणते, आता तिला शेवटपर्यंत बघायचाय, पोरगी मोठी झाली. पण शेजारचा ऊस अजून उभा आहे. फेब्रुवारीत तोडायला टोळी येणार आहे. ऊस गेला, रान मोकळं झालं, आखाड्यावरून गावाचे दिवे दिसायला लागले की दोघं मिळून बघू, असं ठरलंय.